चार मिलिमीटरची पकड

२४ जून २००४. लिस्बनच्या लुझ स्टेडियमवर युरो करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगाल आणि इंग्लंड २-२ असे बरोबरीत अडकले होते. टायब्रेकरमध्ये दोन्ही संघांच्या सहा-सहा किक झाल्या, तरीही गुणफलक ५-५. इंग्लंडचा डॅरियस व्हॅसेल सातवी किक मारायला निघाला, तेव्हा पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो यानं हातातले ग्लोव्हज काढून टाकले. उघड्या हातांनी त्यानं व्हॅसेलचा फटका अडवला आणि पाठोपाठ स्वतःच पेनल्टी मारून संघाला उपांत्य फेरीत नेलं.

हा प्रसंग फुटबॉलच्या गप्पांत अनेकदा निघतो आणि त्यामागून एक प्रश्नही येतोच. एवढ्या मोक्याच्या क्षणी ग्लोव्हजविना भागत असेल, तर हजारो रुपयांचे ते जाडजूड मोजे गोलरक्षक घालतात तरी कशाला? याचं उत्तर टायब्रेकरच्या नियमातच सापडतं. टायब्रेकरमध्ये गोलरक्षकाच्या हाताला लागून चेंडू मैदानात परतला की ती किक संपते. चेंडू धरावा लागत नाही, सुटलेल्या चेंडूवर झडप घालायला कुणी धावत येत नाही. प्रत्यक्ष खेळात मात्र अडवलेला चेंडू जिवंत राहतो. तो छातीशी आला, बाजूला गेला की समोरच्या आघाडीवीराच्या पायात पडला, यावर गोल व्हायचा की टळायचा हे ठरतं. चेंडूपर्यंत पोचणं हे गोलरक्षकाच्या पायांचं, नजरेचं आणि अंदाजाचं काम. पोचल्यानंतर त्या चेंडूचं काय होणार, तिथे ग्लोव्हजचा संबंध सुरू होतो.

नियमांच्या दृष्टीनं ग्लोव्हज सक्तीचे नाहीत. खेळाडूनं जर्सी, शॉर्ट्स, पायमोजे, शिनगार्ड आणि बूट घालायलाच हवेत, एवढीच सक्तीची यादी आहे. गोलरक्षकाच्या कपड्यांचा रंग इतरांपेक्षा वेगळा हवा, ही एक अट जास्तीची. हातात काय घालायचं, घालायचं की नाही, हे त्याच्यावर सोडलेलं आहे. तरीही आज व्यावसायिक फुटबॉलमध्ये उघड्या हातांचा गोलरक्षक जवळजवळ दिसत नाही. हा बदल फार जुना नाही, पन्नासेक वर्षांतला आहे.

त्याची पाळंमुळं मात्र एकोणिसाव्या शतकात जातात. इंग्लंडमध्ये चेंडू बनवणाऱ्या विल्यम साइक्स यांनी १८८५ मध्ये रबराचा थर असलेल्या चामडी ग्लोव्हजचं पेटंट घेतलं होतं. पण ही कल्पना काळाच्या फार पुढची ठरली. पुढची कित्येक दशकं गोलरक्षक उघड्या हातांनीच खेळत राहिले. पाऊस आला, थंडी वाढली, तर लोकरीचे किंवा सुती हातमोजे चढवायचे, एवढीच सोय होती. त्या काळचा चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन जड आणि निसरडा होई. लोकर थोडं पाणी टिपून घेई आणि तिच्या खरखरीत विणीवर चेंडू जरा तरी अडे.

नियमितपणे ग्लोव्हज घालणाऱ्या पहिल्या गोलरक्षकांत अर्जेंटिनाच्या अमादेओ कारिसो यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. १९४५ ते १९६८ या काळात ते रिव्हर प्लेट क्लबकडून खेळले आणि गोलपोस्टखाली उभं राहण्याऐवजी पुढे येऊन खेळण्याची शैलीही त्यांनी रुळवली. सोव्हिएत संघाचे लेव्ह याशिन, म्हणजे १९६३ मध्ये ‘बॅलन डी’ओर’ मिळवणारे आजवरचे एकमेव गोलरक्षक, अनेक छायाचित्रांत साध्या काळ्या हातमोज्यांत दिसतात. इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक मिळवून देणारे गॉर्डन बँक्स कोरड्या हवेत च्युइंग गम चघळून ती चिकट लाळ तळहातांना चोळत. उत्तर आयर्लंडच्या पॅट जेनिंग्ज यांनी तर कारकिर्दीचा बराचसा भाग उघड्या हातांनीच गाजवला. त्यांचे पंजे इतके मोठे होते की हवेतला क्रॉस ते एका हातानं धरत.

च्युइंग गमची ती युक्ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बँक्स यांच्यासारख्या जगातल्या अव्वल गोलरक्षकाला काय कमी पडत होतं, हे त्यातून कळतं. त्यांना हातावर कवच नको होतं, चिकटपणा हवा होता.

ती गरज खऱ्या अर्थानं भागवली जर्मनांनी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बायर्न म्युनिक आणि पश्चिम जर्मनीचे गोलरक्षक सेप मायर यांनी रॉयश या कंपनीसोबत ग्लोव्हजचे प्रयोग सुरू केले आणि हाताच्या मापापेक्षा भले मोठे दिसणारे मोजे विश्वचषकात आणले. त्यांची कसोटी लागली ३ जुलै १९७४ रोजी, फ्रँकफर्टमध्ये. पोलंडविरुद्धच्या सामन्याआधी मुसळधार पाऊस कोसळला आणि मैदानाचं तळं झालं. अग्निशमन दलाला पाणी उपसायला बोलवावं लागलं. जर्मन लोक आजही त्या सामन्याला ‘पाण्यातली लढाई’ म्हणतात. त्या चिखलात मायर यांनी पोलंडच्या आक्रमकांना एकामागून एक नाकारलं, गेर्ड म्युलरच्या एकमेव गोलवर पश्चिम जर्मनी जिंकला आणि चार दिवसांनी म्युनिकमध्ये विश्वविजेता झाला. विजयाचं श्रेय मोज्यांना देणं अन्यायाचं होईल. पण ओल्या चेंडूशी झुंजणारे ते मोठे पंजे जगभरच्या गोलरक्षकांनी पाहिले. पुढच्या दशकभरात ग्लोव्हज घालणं हाच रिवाज झाला. रॉयश आणि उल्स्पोर्ट या जर्मन कंपन्यांनी या बाजारावर सुरुवातीची पकड बसवली.

त्या मोज्यांच्या तळव्यावर असतो तो लेटेक्सचा फोम. दोडामार्गच्या बागांत झाडाला खाप देऊन करवंटीत जमा केलेला रबराचा चीक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा कच्चा माल ओळखीचा वाटेल. नैसर्गिक चिकात बहुधा कृत्रिम लेटेक्स मिसळतात, त्यात हवा घुसळून फेस करतात आणि तापवून तो पक्का करतात. तयार होणारा मऊ, सच्छिद्र पत्रा साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याखाली अस्तराचा थर असतो. फोम जितका मऊ, तितका तो चेंडूच्या पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांत शिरतो, स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि घर्षणही वाढतं. वळसे घेत, गिरक्या खात येणारा चेंडू हातावर घसरायच्या आत थांबतो.

हा फोम थोडा ओलसर असताना सर्वांत चांगला काम करतो. म्हणून गोलरक्षक सामन्याआधी तळव्यांवर पाणी शिंपडतात, खेळताना थुंकी लावतात. कोरडा पडलेला लेटेक्स कडक होतो, धूळ बसलेला लेटेक्स निसटतो. मुसळधार पावसासाठी आणखी सच्छिद्र, पाणी शोषून घेणारा फोम वेगळा मिळतो. कोरड्या आणि राठ मैदानासाठी टणक, टिकाऊ फोम असतो. त्याची पकड थोडी कमी, पण आयुष्य जास्त. सर्वांत चिकट लेटेक्स सर्वांत लवकर झिजतो. त्यामुळे महागडी जोडी जास्त दिवस टिकेल, ही समजूत बरोबर उलटी आहे. व्यावसायिक गोलरक्षक सामन्याची जोडी आणि सरावाची जोडी वेगळी ठेवतात, ती याच कारणानं.

पकड सुटली तर किंमत किती मोजावी लागते, हे ३० जून २००२ रोजी योकोहामात जगानं पाहिलं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीच्या ऑलिव्हर कान यानं संपूर्ण स्पर्धेत एकच गोल खाल्ला होता. ६७ व्या मिनिटाला ब्राझीलच्या रिवाल्डोनं लांबून मारलेला फटका त्याच्या अंगावरच आला. चेंडू हातातून निसटला आणि धावत आलेल्या रोनाल्डोनं तो जाळ्यात ढकलला. त्या सामन्यात कानच्या उजव्या हाताच्या अनामिकेच्या अस्थिबंधाला इजा झाली होती. सामना ब्राझीलनं २-० असा जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र कानचीच निवड झाली आणि हा मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव गोलरक्षक आहे. फटका अडला होता. धरला गेला नाही, एवढंच.

आठ वर्षांनी, १२ जून २०१० रोजी, दक्षिण आफ्रिकेत रस्टनबर्गला इंग्लंडच्या रॉबर्ट ग्रीनवर तीच वेळ आली. अमेरिकेच्या क्लिंट डेम्प्सीचा फटका फारसा जोरदार नव्हता, तरी ग्रीनच्या ग्लोव्हजना लागून तो हळूहळू रेषेपलीकडे गेला. त्याच्या हातात त्या काळचे उत्तम ग्लोव्हज होते. शरीर चेंडूच्या रेषेत आलं नाही, तळवे चेंडूमागे नीट बसले नाहीत, तर लेटेक्स काही करू शकत नाही. त्या विश्वचषकातल्या आठच तुकड्यांच्या ‘जबुलानी’ चेंडूबद्दल गोलरक्षकांनी भरपूर तक्रारी केल्या होत्या. सांधे कमी आणि पृष्ठभाग गुळगुळीत असलेला चेंडू हवेत अचानक दिशा बदलतो. अशा चेंडूपुढे पकडीचं महत्त्व वाढतं आणि ती बसवण्याची संधी मात्र कमी होते. आजचे गोलरक्षक पूर्वीपेक्षा जास्त वेळा चेंडू धरण्याऐवजी बाजूला ढकलतात किंवा मुठीनं पंच करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. ग्लोव्हजच्या पाठीवर आता रबरी किंवा फोमचे उंचवटे दिले जातात, ते या पंचसाठीच.

ग्लोव्हजच्या दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे संरक्षणाबद्दल, बरेच गैरसमज आहेत. पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. ताशी १०० किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू पेनल्टीच्या ११ मीटर अंतरातून सुमारे ०.४ सेकंदात येतो, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून सुमारे ०.६ सेकंदात. कोपरं दुमडत, हात ३० सेंटीमीटर मागे घेत तो थांबवला, तर हातांवर सरासरी ५५ किलो वजनाइतका जोर येतो. हात ताठ ठेवून अवघ्या पाच सेंटीमीटरांत थांबवला, तर तोच जोर सहापट होतो. चार मिलिमीटरचा फोम या हिशेबात फार थोडी भर घालतो. तो आघात पंजाभर पसरवतो, कातडीची चुरचुर कमी करतो, थंडीत बोटं आखडू देत नाही. खरा धक्का झेलतात ती कोपरं आणि खांदे. म्हणूनच जाड ग्लोव्हज घेतले की हात सुरक्षित, असं मानून झेलण्याचं तंत्र शिकायचं टाळणं धोक्याचं आहे.

बोटांच्या बाबतीत मात्र एक वेगळी सोय निघाली. बोटांच्या पाठीमागे प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेले ग्लोव्हज मिळतात. आदिदासचं ‘फिंगरसेव्ह’ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. या पट्ट्या पुढच्या बाजूला वाकतात, मागे वाकायला विरोध करतात. बोट उलटं पिरगळून अस्थिबंध ताणला जाण्याची भीती त्यामुळे कमी होते. ज्याचं बोट आधी दुखावलेलं आहे, त्याला हा आधार मोलाचा वाटतो. उलट बाजूचं म्हणणंही दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पट्ट्यांमुळे ग्लोव्हज ताठ होतात, चेंडूचा स्पर्श बोथट होतो आणि वाढत्या वयातली बोटं स्वतः बळकट व्हायच्या ऐवजी पट्टीवर विसंबतात. अनेक व्यावसायिक गोलरक्षक पट्ट्यांविनाच खेळतात. बोटाचं टोक चेंडूवर सरळ आदळलं, तर त्या माऱ्यावर पट्टीचा फारसा इलाज चालतही नाही.

मुलांच्या हातांबद्दल एक अभ्यास प्रत्येक प्रशिक्षकानं लक्षात ठेवावा असा आहे. २००१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये बालगोलरक्षकांच्या मनगटाजवळच्या फ्रॅक्चरबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फटका अडवताना मनगटाजवळचं हाड मोडलेल्या मुलांची पाहणी करून संशोधकांनी वयाला साजेशा आकाराचा चेंडू वापरण्याचा आग्रह धरला. मोठ्या माणसांच्या चेंडूसमोर लहान मनगट उभं करणं, हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. म्हणजे लहान गोलरक्षकाचं रक्षण चेंडूच्या निवडीपासूनच सुरू होतं. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बारापर्यंत चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा चेंडू, हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. एकाच चेंडूवर सगळ्या वयांची मुलं खेळवणाऱ्या मैदानावर ग्लोव्हजची चर्चा त्यानंतरची.

ग्लोव्हजचा तिसरा उपयोग टीव्हीवर दिसत नाही. गोलरक्षक सामन्यापेक्षा सरावात कितीतरी जास्त वेळा जमिनीवर झेपावतो. दरवेळी हात खाली घासतात. गोव्यातल्या जांभ्याच्या लाल मातीत, उन्हाळ्यात दगडासारख्या टणक झालेल्या गावच्या मैदानात किंवा शहरोशहरी उभ्या राहिलेल्या कृत्रिम टर्फवर तळहात सोलून निघतात. सोललेल्या हातांचा मुलगा पुढची झेप अर्धवट घेतो. कातडी शाबूत राहते, म्हणून तो पुन्हा पुन्हा पूर्ण झेप घेऊ शकतो आणि त्या आवर्तनांतूनच गोलरक्षक घडतो. याच मैदानांवर लेटेक्सही भराभर झिजतो. म्हणून सरावाला टणक फोमची स्वस्त जोडी घ्यावी.

मनाचा भागही आहेच. पट्टा आवळला, दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले की गोलरक्षक सामन्यात शिरतो. चेंडू हाताला चिकटेल असा भरवसा असलेला गोलरक्षक क्रॉससाठी गर्दीत पुढे सरसावतो, भरवसा नसलेला रेषेवरच थांबतो. खेळाच्या बदलत्या नियमांनीही हातांतल्या चेंडूचं मोल वाढवलं आहे. १९९२ पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं परत दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून तो आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवू लागला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. हातानं खेळण्याचे प्रसंग कमी झाले. जे उरले, त्यांत स्वच्छ झेल आणि त्यावरून लगेच सुरू होणारा प्रतिहल्ला हेच संघाला हवं असतं.

म्हणून मोजे हाताला नीट बसणं महत्त्वाचं. बोटांभोवतीच्या शिवणीचे तीन-चार प्रकार आहेत. ‘फ्लॅट’ कटमध्ये तळव्याचा सपाट लेटेक्स आणि पाठीचा भाग बाहेरून जोडलेला असतो, मोजा ऐसपैस राहतो. ‘रोल फिंगर’मध्ये लेटेक्स बोटाच्या कडेनं वळवलेला असतो, त्यामुळे चेंडूला जास्त रबर लागतं. ‘निगेटिव्ह’ कटमध्ये शिवण आतल्या बाजूला जाते आणि मोजा बोटांना घट्ट बिलगतो. निमुळत्या बोटांच्या खेळाडूंना तो आवडतो. ‘हायब्रिड’मध्ये यांची सांगड घातलेली असते. यातला कुठलाही कट सर्वांना उत्तम नाही, हात घालून पाहणं हाच उपाय. मापाची ढोबळ पद्धत अशी: अंगठा वगळून पंजाचा घेर इंचांत मोजायचा, वरचा पूर्ण आकडा धरायचा आणि त्यात एक मिळवायचा. बोटांच्या टोकाशी थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून दोन मापं मोठे घेतलेले ग्लोव्हज चेंडूच्या क्षणी हातातच फिरतात आणि पकडीचा सगळा फायदा घालवतात.

गोव्यात गोलरक्षणाची परंपरा मोठी आहे. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर १९७०-८० च्या दशकांत साळगावकर क्लब आणि भारतासाठी खेळले, देशाचं कर्णधारपद भूषवलं, १९९७ मध्ये अर्जुन पुरस्काराचे आणि २०२२ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. युरोपात लेटेक्सचे ग्लोव्हज रूढ होत होते, नेमक्या त्याच वर्षांत त्यांची कारकीर्द घडली. पुढच्या पिढीतल्या लक्ष्मीकांत कट्टीमनी या गोव्याच्याच गोलरक्षकानं २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात टायब्रेकरमध्ये केरला ब्लास्टर्सच्या तीन किक अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलं. भारताची गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली आणि भारतीय मुलींना गोलपोस्टखालीही करिअर आहे हे दिसलं.

या नावांच्या मागे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींची अडचण साधी आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमी-मंडळांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते, मुंबई-पुण्यात टर्फ रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात, पण शाळेच्या संघात गोलरक्षकाच्या साहित्याचा विचार बहुतेक वेळा शेवटी होतो. बाजारात काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत जोड्या मिळतात. अगदी स्वस्त जोडीत तळव्यावर लेटेक्सऐवजी गुळगुळीत प्लास्टिकसारखा थर असतो आणि त्यावर ओला चेंडू उघड्या हातापेक्षाही लवकर सटकतो. नवशिक्याला खऱ्या लेटेक्सची, मापात बसणारी मधल्या किमतीची जोडी पुरेशी आहे.

ती टिकवायची रीतही सोपी आहे. पहिल्या वापराआधी ग्लोव्हज कोमट पाण्यात धुतले की तयार करतानाचे अवशेष निघून जातात. प्रत्येक खेळानंतर कोमट पाण्यात हलक्या हातानं माती काढायची, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. ऊन लेटेक्सचा शत्रू आहे, दोरीवर दुपारभर टांगलेले ग्लोव्हज कडक होऊन भेगाळतात. दोन तळवे एकमेकांना चिकटवून ठेवले, तर सोडवताना फोम निघून येतो. पावसाळी दिवसांत ओले ग्लोव्हज बंद बॅगेत राहिले, तर बुरशी धरते. उठताना तळव्यावर भार न टाकता मूठ टेकवून उठलं, तर लेटेक्स बराच काळ वाचतो.

शाळा आणि अकादम्यांना याहून थोडं अधिक करता येईल. प्रत्येक वयोगटासाठी योग्य नंबरचे चेंडू, तीन-चार मापांचे सामाईक ग्लोव्हज आणि गोलरक्षकांसाठी आठवड्यातून वेगळा तास, एवढी सोय फार खर्चाची नाही. त्या तासाची सुरुवात उघड्या हातांनी, मऊ चेंडूवर, कोपरं दुमडून झेलण्याच्या सरावानं व्हावी. तळवे चेंडूमागे आपोआप जाऊ लागले की मुलांच्या हाती ग्लोव्हज द्यावेत. मग सुटलेल्या चेंडूवर दुसऱ्यांदा झेपावण्याचा सराव त्याच मैदानावर, ग्लोव्हज घालून घ्यावा, कारण सामन्यात अनेक गोल तिथेच होतात किंवा वाचतात.